खेकड्याचं कडवं

भादव्याची पुनव झाली की आमच्या गल्लीतल्या पोरींचे गळे मोकळे होतात. आत्ताही समोरच्या ओसरीत ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभा आहे. खाली पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर इवलासा गणपती. संध्याकाळचे दिवे लागले की पोट्ट्या गोळा होतात, टाळ्या धरतात आणि म्हणतात,

चौथा महिना लागला, भुलाबाई रुसली गं,
केशराच्या पेढ्यासाठी पाटावरती बसली गं.

या दोन ओळी कानावर आल्या की मी उठून आत जाते. सुनेला वाटतं, सासूचे गुडघे दुखतात. दुखतात, पण ते निराळं. हे गाणं त्या पोरींनी माझ्याकडूनच घेतलं आहे, फोनमधल्या माझ्या आवाजातून. आणि त्यातला तो पेढा खोटा आहे.

मी बोलते तशी लिहिते बरं का. शाळेत फार गेले नाही. आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरजवळच्या या गावात आमचं किराणा दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. तेलाचे डाग पडलेल्या कागदांवर बोट ठेवत मी वाचायला शिकले. त्यामुळे माझी गोष्ट कधी अर्ध्यात तुटते, कधी दुसऱ्याच पानावर जाते. सांभाळून घ्या.

ज्यांना भुलाबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भुलाबाई म्हणजे पार्वती. पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर ती माहेराला येते. तिच्यापुढे पोरींनी रोज संध्याकाळी गाणी म्हणायची, मग ज्या घरी गाणं तिथल्या बाईनं झाकलेल्या डब्यात खाऊ आणायचा आणि पोरींनी डबा हलवून ओळखायचा. ओळखला नाही तोवर खायला नाही. तिकडे वऱ्हाडात आहे तसंच आमच्याकडेही आहे. फक्त आमची भुलाबाई हद्दीवरच्या नदीच्या अल्याड राहिली, तेलुगू मुलखात. याच दिवसांत आमची तेलुगू शेजारीण लक्ष्मी बतुकम्मा, म्हणजे त्यांची फुलांची देवी, मांडते. तिची पोरं रानातून तंगेडूची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे भारे बांधून आणतात. त्यातलेच चार तुरे आमच्या मखराला. मागायला लागत नाही, ती दाराशी ठेवून जाते.

हा महिना मला अंगात भिनलेला आहे. ऊन कडक होतं, पण सकाळी अंगणात दव असतं. सोयाबीन काढायचं यंत्र कुठेतरी घरघरत असतं आणि त्याचा भुसा दुकानातल्या गुळाच्या ढेपेवर येऊन बसतो. कपाशीचं पहिलं बोंड उमलतं. कणसांत चीक भरलेला असतो. ओढ्याचं गढूळ पाणी निवळायला लागतं, काठावरची बिळं उघडी पडतात. आणि तिथे मला माझी माय दिसते, ओणवी झालेली, लुगड्याचा काष्टा वर खोचलेली, उजवा हात कोपरापर्यंत बिळात.

माय खेकडे धरायची. आमच्याकडे वावर नव्हतं. बाप लोकांच्या वावरात जायचा आणि पाऊसकाळ संपता संपता घरातली ज्वारी तळाला जायची. नवी ज्वारी यायला अवकाश असायचा. त्या मधल्या दिवसांत मायनं आम्हाला ओढ्यावर पोसलं. बिळात हात घालायची, डोळे मिटायची, ओठ दाबायची. मग हात बाहेर काढायची तेव्हा बोटाला खेकडा लटकलेला असायचा. तो सोडवायची, नांगी मोडायची आणि अक्काच्या हातातल्या मडक्यात टाकायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी मडक्यात डोकावून बघायची आणि आतला खरखर आवाज ऐकून मागे पळायची. घरी माय पायनांग्या पाट्यावर वाटायची, पाणी घालून फडक्यातून गाळायची, त्यात मिरची, लसूण, चिमूटभर पीठ. तो रस्सा उकळायला लागला की आमच्या खोपटाभोवती वास फिरायचा आणि आम्ही दोघी चुलीसमोरून हलत नव्हतो. मायच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर आडवा पांढरा वण होता. ती गालावरून हात फिरवायची तेव्हा तो वण गालाला लागायचा. तिचा फोटो नाही. कोणी काढला नाही आणि तिनं मागितला नाही.

आता गाण्याचं. आमच्या माहेरच्या वस्तीत एक रीत होती, दुसरीकडे मी पाहिली नाही. भुलाबाईला डोहाळे लागतात त्या गाण्यात सगळे महिने सगळ्यांचे सारखे. तिसऱ्या महिन्यात अंबाडीची भाजी, पाचव्यात चिंचेचा कोवळा पाला, असं सगळ्या मिळून म्हणायच्या. पण चौथा महिना घरचा. ज्या घरासमोर गाणं चाललंय त्या घरच्या पोरींनी एकट्यांनी म्हणायचा, आणि त्यात आपल्या मायला आपल्या वेळी जो डोहाळा लागला होता तोच घालायचा. माझ्या मैत्रिणीच्या, सखूच्या घरी भाजलेली मोहाची फुलं होती. कोपऱ्यावरच्या घरात चुलीतली भाजकी माती होती, आम्ही खूप हसायचो. कोणती पोर कोणाची हे चौथ्या महिन्यावरून ओळखू यायचं. आमच्या मायनं आमचं कडवं स्वतः बांधलं होतं:

चौथा महिना लागला, भुलाबाई रुसली वं,
वढ्यातल्या खेकड्यासाठी काठावरती बसली वं.
हात घातला बिळामंदी, नांगी लागली बाई वं,
लागली तर लागू दे, लेकरू उपाशी नाई वं.

बाकीच्या पोरींची कडवी दोन ओळींची, आमचं चार. अक्का ते छाती पुढे काढून म्हणायची. मीही म्हणायची. तेव्हा लाज वाटत नव्हती.

लाज लग्नानंतर आली. सासरचे माळकरी. घरात कांद्यालाही जपून हात लावायचा. पहिल्याच भादव्यात मी उत्साहानं भुलाबाई मांडली आणि गायला बसले. चौथा महिना आला, मी खेकडा म्हटला आणि सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"देवीच्या तोंडी असलं?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "चौथा सोडत जा, सुमन."

सोडला. तिसऱ्यावरून पाचव्यावर उडी मारायला शिकले. पुढे इतकी सवय झाली की आपण काही सोडतो हेही ध्यानात राहिलं नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या बोलण्यात खोट काढत नाही. त्या जाऊनही कितीक भादवे झाले. माझा मुलगा आदिलाबादला माल आणायला जातो तेव्हा ढाब्यावर आम्लेट खाऊन येतो, मला वासावरून कळतं. म्हणजे आता आमच्या घरात खेकड्याला बंदी करणारं कोणी उरलं नव्हतं. तरी मागच्या वर्षी मी भ्यायले. कोणाला भ्यायले? फोनला.

मागच्या वर्षी याच दिवसांत वैशाली आली. आदिलाबादची पोरगी, कॉलेजात शिकवते. सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांची गाणी फोनमध्ये घेते आणि इंटरनेटवर ठेवते. "आजी, तुमच्यासारख्या गाणाऱ्या आता बोटावर मोजण्याइतक्या," ती म्हणाली, "हे गेलं तर परत येत नाही." मला भरून आलं. कोणी आजवर असं म्हटलं नव्हतं. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. सुनेनं, ज्योतीनं, केसांना तेल लावून दिलं.

"माय, पावडर लावू का?" ती मलाही मायच म्हणते.

"लाव थोडी. पण भुतासारखी नको करू."

वैशालीनं पंखा बंद करायला लावला, आवाज येतो म्हणून. कुकर उतरवला. माझ्या पदराला एवढंसं काळं बटण लावलं आणि म्हणाली, "आजी, कोणासाठी म्हणू नका. तुमच्या माहेरी म्हणायच्या ना, तसंच म्हणा."

तिनं अगदी हेच सांगितलं होतं. म्हणून तर मला कोणावर ढकलता येत नाही.

गायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा, अंबाडी. आणि सवयीनं पाचवा. वैशाली हुशार. तिनं हात वर केला. "आजी, चौथा राहिला ना?"

त्या क्षणी मला काय काय दिसलं सांगते. समोर फोनचा काळा डोळा. त्याच्यामागे पुणे, मुंबई, हैदराबाद, सगळीकडची शिकलेली माणसं. ती मला बघतील आणि म्हणतील, ही बाई देवीला खेकडा खाऊ घालते. हीच खाऊन वाढली असेल. मग दुकानाच्या फळीवरची बरणी दिसली, पिवळ्या पेढ्यांची. आणि तोंडातून निघालं, "केशराच्या पेढ्यासाठी पाटावरती बसली गं." वं सुद्धा म्हटलं नाही. गं म्हटलं.

"वा, आजी!" वैशाली म्हणाली.

आणि मी हसले. तो हसरा चेहराही फोनमध्ये आहे. सांगते, आमच्या घरात केशर कोणी डोळ्यानं पाहिलेलं नाही. त्या पेढ्यांना रंग लावलेला असतो.

पुढे ज्योतीनं फोनवर दाखवलं. खाली लोकांनी छान छान लिहिलेलं. मी दोन दिवस फुगून फिरले. तिसऱ्या दिवशी लक्ष्मी म्हणाली, "वदिना, तुम्ही तर सिनेमावाली झाल्या!" वदिना म्हणजे वहिनी. तेव्हाही फुगले.

मग थंडीच्या दिवसांत अक्काचा फोन आला. अक्का बेल्लमपल्लीला असते. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत होता, तो गेला, ती मुलाकडे खाणीच्या क्वार्टरांत राहते. तिच्या सुनेनं तिला माझं गाणं ऐकवलं होतं.

"सुमे, खेकडा कुठी गेला व?"

मी हसून टाळायला गेले. "अक्का, लोकं ऐकतेत ना. बरं नाई दिसत."

"बरं नाई दिसत?" मागून मालगाडी धडधडत गेली. मग म्हणाली, "मायचा फोटो नाई, सुमे. नाव कुठी लिवलं नाई. एक कडवं होतं थे. थ्यातून बी तू तिले काढलं. अन् पेढा ठिवला. माय कधी पेढा चाखली होती का व?"

"मी वैशालीले सांगतो, पुन्हा घे म्हणून—"

"काऊन? पुन्हा पावडर लावाची हाय?"

फोन ठेवला तिनं. त्यानंतर यंदाच्या भादव्यापर्यंत तिचा फोन नाही. मी केला तर तिची सून उचलायची, म्हणायची, आत्याबाई झोपल्या. दिवसा, सकाळी, केव्हाही झोपलेल्या.

वैशालीला सांगायचं रोज ठरवत होते. आज तूर भरायची आहे, आज डोकं दुखतं, आज तिच्या कॉलेजात परीक्षा असेल. खरं म्हणजे तिला काय सांगू? पोरी, तू एवढ्या लांबून आलीस आणि मी तुझ्या फोनमध्ये रद्दी बांधली? लाजेची एक लबाडी असते. ती आपल्याला सुधारू देत नाही. सुधारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, आणि कबूल करण्याचीच तर लाज.

यंदा भादवा आला. शाळेतल्या बाईंनी पोरींना माझं गाणं फोनवरून शिकवलं, कार्यक्रमासाठी. पोरी धावत सांगायला आल्या, "आजी, तुमचंच गाणं म्हणून राह्यलो आमी!" सगळ्या घरांच्या पोरी, सगळ्यांचा चौथा महिना एकच. केशराचा पेढा. सखूची नात, आमच्याच गल्लीत दिलेल्या तिच्या लेकीची लेक, तीही त्यात. तिच्या तोंडात तिच्या मायचा डोहाळा असायला हवा होता. मी एका मायला पुसायला गेले आणि सगळ्यांच्या पुसल्या.

एक दिवस धीर करून मी पोरींत जाऊन बसले. म्हटलं, "थांबा व पोरींनो, चौथा महिना असा नाई." आणि म्हटलं कडवं, खरं, चारही ओळी. आवाज कापत होता. पोरी एकमेकींकडे बघून खुदखुदल्या.

"खेकडा? छी, आजी! भुलाबाई खेकडा खाते का?"

"खाते. माह्या मायनं खाल्ला."

"पण फोनमध्ये पेढा हाय." त्यांच्यातली धीट, परी तिचं नाव, फोन घेऊन आली. लावलं. माझाच आवाज, स्वच्छ, ठणठणीत, पावडर लावलेला. केशराच्या पेढ्यासाठी. परी समजावल्यासारखं म्हणाली, "आजी, तुमी विसरून गेल्या. होते असं."

माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला मीच बसले होते.

आमच्या वेळी गाण्यात कोणी चुकलं की शेजारची कोपर मारायची. खोटं घातलं तर दुसरी वरच्या पट्टीत खरं म्हणून दाबून टाकायची. गाणं दहा तोंडांत फिरायचं म्हणून एका तोंडाचा खोटेपणा त्यात टिकायचा नाही. फोनला कोपर नाही. त्यात बिचाऱ्याचा दोष काय, त्याला जे दिलं ते त्यानं इमानानं जपलं, माणूस जपणार नाही इतकं. कंप नाही, विसर नाही, दर वेळी तेच. मी गेल्यावरही परीच्या लेकी दाबतील आणि मी हसून पेढा म्हणेन.

त्या संध्याकाळी खाऊचा डबा कोणी हलवला, काय होतं त्यात, मला आठवत नाही. मी घरी आले आणि ज्योतीला म्हटलं, "वैशालीले फोन लाव."

वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी येते, आजी. पुन्हा घेऊ."

"माझ्याकडून नको," मी म्हटलं. "माझ्या आवाजाचा आता मलाच भरवसा नाही. बेल्लमपल्लीला चल."

गेलो. उटनूरला बस बदलली. पुढे दोन्ही बाजूंना सागाचं रान, पांढरे तुरे आलेले. वैशाली बोलत होती, मी हं हं करत होते. अक्काच्या दारात पोचेपर्यंत माझ्या हातांना घाम आला होता. लहानपणी मडकं सांडलं होतं एकदा, सगळे खेकडे पाण्यात गेले, तेव्हा मायसमोर जाताना आला होता तसा.

अक्का दारातच खाटेवर बसून लसूण सोलत होती. खंगली आहे फार. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. वैशालीला म्हणाली, "बस व बाई. तूच का थे फोनवाली?"

"हो मावशी. तुमच्या आईचं कडवं घ्यायचंय."

"घे ना. पण लुगडं नाई बदलत मी. अन् गाडी आली तं थांबाचं, गाडी काही माह्यासाठी थांबत नाई."

वैशालीनं बटण अक्काच्या पदराला लावलं. मला शेजारी बसवलं, दोघी दिसाव्यात म्हणून. मला नको होतं, पण नको म्हणायचं तोंड नव्हतं. अक्काच्या बोटांना लसणाचा वास येत होता. तिनं घसा खाकरला आणि गायच्या आधी, फोनच्या डोळ्यात सरळ बघत बोलायला लागली.

"हे गाणं गिरजाबाईचं. माह्या मायचं. थे खेकडे धरून आमाले पोसली. आमच्याइकडं चौथा महिना ज्याच्या त्याच्या मायचा राहाते. माह्या लहान बहिणीले मायची लाज वाटली, तं थिनं खेकडा काढून पेढा घातला. आता गावच्या पोट्ट्या पेढाच म्हणून राह्यल्या. थे आयकू नोका. हे आयका. अन् तुमच्या घरी जाऊन आपल्या मायले इचारा, तुले काय खाव वाटलं होतं म्हणून. थे घाला."

आणि गायली. दम पुरत नव्हता. दुसऱ्या महिन्याच्या कडव्यात मालगाडी आली, अक्का थांबली, गाडी गेली, पुन्हा तिथूनच उचललं. चौथ्या महिन्याला तिनं हात पुढे केला, कोपरापर्यंत, बिळात घालतात तसा, आणि डोळे मिटले. लागली तर लागू दे, लेकरू उपाशी नाई वं. मी शेजारी बसून होते. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

संपलं. वैशालीनं फोन खाली घेतला. बराच वेळ ती काचेवर बोट फिरवत राहिली, मग माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "आजी, सुरुवातीला मावशी जे तुमच्याबद्दल बोलल्या ना, तेवढं मी कापू शकते. गाण्याला धक्का लागणार नाही. कोणाला कळणारही नाही."

अक्कानं ऐकलं असणार. ती पुन्हा लसूण सोलायला लागली होती. सोलता सोलता तिचा हात थांबला, पण मान वर केली नाही.

मला पुन्हा ते सगळे दिसले, पुणे, मुंबई, हैदराबाद. शाळेतल्या बाई, परी, लक्ष्मी, माझा मुलगा, दुकानात येणारी गिऱ्हाईकं. सगळे ऐकतील, आणि मी नसेन तेव्हाही ऐकतील. कान तापले. खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, म्हणावं, काप बाई.

"नको कापू," मी म्हटलं. "अन् अक्कानं नुसतं लहान बहीण म्हटलं. खाली नावही लिही."

वैशालीनं फोन उचलला. "पूर्ण नाव काय लिहू, आजी?"

"लिही, सुमन," मी म्हटलं. "गिरजाबाईची."